दिवसा वीज स्वस्त, पण दिवसा घरात असते कोण?

केंद्र सरकारने जून 2023 मध्ये वीज ग्राहक हक्कांच्या नियमांत दुरुस्ती केली. विजेचा दर आता घड्याळाकडे पाहून ठरायचा आहे. ऊन असताना सौर वीज भरपूर, म्हणून तेव्हा दर किमान 20 टक्के कमी. मागणी चढलेल्या तासांत घरगुती ग्राहकाला किमान 10 टक्के जास्त. स्मार्ट मीटर लागतो तो यासाठी, तासातासाची नोंद ठेवायला. महावितरणनेही 2025 मध्ये घरगुती ग्राहकाला सकाळी 9 ते सायंकाळी 5 या वेळेत युनिटमागे 80 पैसे ते 1 रुपया सवलत जाहीर केली.

कल्पना चुकीची नाही. सूर्य मावळला की सौर वीज संपते आणि नेमके तेव्हाच घरोघरी दिवे लागतात. थोडी मागणी दुपारकडे सरकली तर महाग वीज कमी घ्यावी लागते.

पण सरकवायचे काय? ज्याच्या घरी गिझर, एसी, वॉशिंग मशीन आहे तो सरकवील. आमच्या वस्तीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत एक दिवा, एक पंखा, एक टीव्ही. दिवसभर पत्रा तापलेला; रात्रीचा पंखा काय दुपारी फिरवून ठेवायचा? दिवसा खोलीला कुलूप असते. नवरा नाक्यावर, बाई धुणीभांड्याला. गंमत पाहा, सवलतीच्या तासांत फ्लॅटमधले वॉशिंग मशीन हीच बाई लावते आणि बचत मात्र मालकिणीच्या बिलात जमा होते!

बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. विजेचे धोरण त्यांच्याच खात्याकडे होते. 25 ऑक्टोबर 1943 रोजी वीज धोरण समितीपुढे त्यांनी स्वस्त आणि मुबलक विजेचा आग्रह धरला, तो माणसाची दारिद्र्यातून सुटका व्हावी म्हणून. आजच्या दरपत्रकात तो माणूस कुठे आहे?

विरोध वाढला तेव्हा, जून 2024 मध्ये, सर्वसामान्यांना प्रीपेड मीटर लावणार नाही असे राज्य सरकारला जाहीर करावे लागले. लढा योग्यच होता. परंतु 'मीटर नको' एवढ्यावर थांबून चालणार नाही. महिना 100 युनिटांच्या आतल्या घराला चढ्या तासांचा दर कधीही लावू नये, आणि दुपारच्या स्वस्ताईतला वाटा त्याच्या रात्रीच्या युनिटांना मिळावा, ही आपली मागणी हवी. वीज नियामक आयोग दर ठरवण्यापूर्वी हरकती मागवतो, जनसुनावणी घेतो. पुढच्या सुनावणीला धुणीभांडी करणाऱ्या बायांचे अर्ज, मराठीत आणि बिलाची झेरॉक्स जोडून, वस्तीवस्तीतून गेले पाहिजेत.