विमानाच्या तिकिटाआधी घरखर्चाची ओळ

गेल्या पौर्णिमेला विहारात वंदना आटोपली, खीर वाटून झाली आणि आम्ही बाहेर चपला शोधत होतो. तेवढ्यात एक ताई जवळ आल्या. "जयभीम दादा, पाच मिनिटं बसाल का? एक हिशेब दाखवायचाय."

ताई एका विनाअनुदानित शाळेत इंग्रजी शिकवतात. यजमान रिक्षा चालवतात. दोन मुले शिकताहेत, सासूबाईंना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. हातात शंभर पानी वही होती. शेवटच्या पानावर लिहिले होते : विमान ७०,०००, व्हिसा ९,५००, किरकोळ ५,५००. एकूण ८५,०००. त्याखाली रेघ मारून बारीक अक्षरात, 'बोरमाळ गहाण, बाकी बचत गटाचे कर्ज'.

कुठे जायचे, असे विचारले तर म्हणाल्या, "हंगेरीला. बाबासाहेबांच्या नावाच्या शाळेत शिकवायला. आणि तिकडचे कोणी गुरुजी आपल्याकडे यायला तयार असतील तर त्यांना बोलवायला."

आमच्या बऱ्याच वाचकांना ही शाळा ऐकून माहीत असेल. युरोपातल्या हंगेरी देशात, ईशान्येकडे शायोकाझा नावाचे गाव आहे. तिथल्या रोमा समाजातल्या कार्यकर्त्यांनी बाबासाहेबांचे चरित्र वाचले, बौद्ध धम्म स्वीकारला आणि २००७ साली डॉ. आंबेडकरांच्या नावाने शाळा काढली. ज्यांना आपण पुस्तकात जिप्सी म्हणून वाचले ते हे लोक. त्यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून गेले. त्यांच्या जुन्या भाषेत पाण्याला आजही पानी म्हणतात, कानाला कान म्हणतात. त्यांच्या मुलांना वेगळ्या वर्गात बसवणे, मतिमंद ठरवून विशेष शाळेत टाकणे, हे प्रकार तिकडे वर्षानुवर्षे चालले. २०१३ साली युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने अशाच एका खटल्यात हंगेरी सरकारविरुद्ध निकाल दिला. ज्यांचे आजोबा शाळेत दाराबाहेर बसून शिकले, त्यांना यात काही समजावून सांगावे लागणार नाही.

तेव्हा बेत चांगलाच आहे. पण आम्ही जन्मभर कचेरीत व्हाउचरे लावली. वही पाहताच कळले की हिशेब अर्धाच आहे.

पहिली गोष्ट, ताईंकडे अजून शाळेचे पत्रच नव्हते. तिकडून लेखी बोलावणे आल्याशिवाय पासपोर्टखेरीज कशावरही एक पैसा खर्चू नये. पत्रात चार गोष्टी स्पष्ट असाव्यात : किती दिवस, कोणत्या वर्गाला काय शिकवायचे, राहण्या-जेवणाची सोय कोणाची, आणि दुभाषा कोण. दुभाषा म्हणजे चैन नव्हे. तिथली मुले घरीदारी हंगेरियन बोलतात. ताईंचे इंग्रजी कितीही चांगले असले तरी सातवी-आठवीच्या पोराला ते कळेलच असे नाही. गाणी, चित्रे, बाबासाहेबांच्या जीवनातल्या प्रसंगांचे तक्ते असे काही हातात असावे. ते साहित्य इथूनच तयार करून न्यायचे, म्हणून त्याची वेगळी ओळ हवी.

दुसरी गोष्ट वेळेची. इथे मात्र ताईंचे नशीब चांगले आहे. आपल्या शाळांना मेच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंत सुट्टी असते. हंगेरीतल्या शाळा तेव्हा चालू असतात. त्यांची उन्हाळी सुट्टी जूनच्या मध्यानंतर सुरू होऊन ऑगस्टअखेर संपते. म्हणजे आपल्या सुट्टीत त्यांचे वर्ग भरलेले, आणि त्यांच्या सुट्टीत आपले. नोकरी न सोडता जाता येईल आणि तिकडचे शिक्षकही नोकरी न सोडता येऊ शकतील. फक्त मे महिन्यात तिकडे शेवटच्या वर्षाच्या मुलांची शालान्त परीक्षा असते, तेव्हा मोठी मुले मिळणार नाहीत. लहान वर्ग मागून घ्यावेत.

आता व्हिसा. हंगेरी शेंगेन गटात आहे, तेव्हा अल्प मुदतीचा शेंगेन व्हिसा लागतो. त्यावर १८० दिवसांत ९० दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही. ताईंना सहा आठवडेच राहायचे आहे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. आम्ही म्हणतो, दोन-तीन महिने आधीच द्यावा. मोठ्या माणसाची फी २०२४ सालापासून ९० युरो आहे, आणि व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी शिल्लक हवी. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावे लागते, म्हणजे जाण्यायेण्याचे भाडे आले. आणि बिनपगारी असले तरी 'शिकवणे' या कामाला हा व्हिसा चालतो का, हे वकिलातीला लेखी विचारून उत्तर फाईलला लावावे. अर्जात 'फिरायला जाते' असे लिहून मोकळे व्हा, असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतील. तसे करू नये. खोटे कारण उघडे पडले तर पुढे आपल्या दुसऱ्या कोणाचाही अर्ज संशयाने पाहिला जाईल.

बँकेचे उतारेही द्यावे लागतात. खात्यात वर्षभर दोन-तीन हजार शिल्लक आणि अर्जाआधी आठ दिवस एकदम दीड लाख जमा, हे पाहून कोणाही अधिकाऱ्याला शंका येणारच.

मग आम्ही दोघांनी विहाराच्या पायरीवर बसून वही नव्याने मांडली. पासपोर्ट १,५००. व्हिसा, केंद्राचा आकार आणि भाडे धरून १२,५००. विमा ४,०००. विमान ७०,०००, व्हिसा हातात येईपर्यंत नुसते आरक्षण करायचे, पूर्ण पैसे भरायचे नाहीत. बुडापेस्टहून रेल्वेने मिश्कोल्त्स शहर, तिथून पुढे गावची बस, आणि सहा आठवड्यांतला इतर प्रवास मिळून ६,०००. जेवण रोजचे ७०० प्रमाणे ४२ दिवसांचे २९,४००. हंगेरीत युरो नाही, फोरिंट चालते. एका रुपयाला साडेतीन-चार फोरिंट येतात, त्यामुळे पावाच्या लादीवरचा आकडा पाहून पहिल्या दिवशी छाती दडपते. भागाकार करायची सवय लावून घ्यावी. स्वेटर, रेनकोट, बूट २,५००. फोन २,०००. शिकवण्याचे साहित्य ३,०००. झाले १,३०,९००.

ताई म्हणाल्या, "बापरे."

आम्ही म्हणालो, "ताई, अजून तुमचे घर राहिलेच."

त्यांच्या शाळेत सुट्टीचा पगार मिळत नाही. एरवी त्या मे महिन्यात शिकवण्या घेतात, त्या बुडणार. रिक्षाच्या मिळकतीत हप्ता आणि गॅस भागतो. किराणा, गोळ्या, मुलांच्या वह्या-पुस्तकांना निदान १८,००० बाजूला ठेवून जावे लागेल. ही ओळ वहीत नव्हती. आमच्या अनुभवाने सांगतो, अशा वह्यांत ती कधीच नसते. परदेशी जाणारा विमानाचे लिहितो आणि घरचे 'होईल काहीतरी' म्हणून सोडून देतो. बाबासाहेब परदेशी शिकत असताना रमाईंनी परळच्या चाळीत दिवस कसे काढले, ते आपण दर जयंतीला गाण्यातून ऐकतो आणि डोळे पुसतो. मग वही मांडताना ते आठवत का नाही? इथे तर आईच घर सोडून जाणार आणि मागे आजारी सासू.

त्यावर आणखी पंधरा टक्क्यांच्या हिशेबाने अडीअडचणीला २२,००० धरले. एकूण १,७०,९००. ताईंच्या आकड्याच्या दुप्पट.

ताईंचा चेहरा उतरला. "म्हणजे जाऊच नको?" जा, पण येत्या मेमध्ये नको, त्याच्या पुढच्या मेमध्ये जा, असे आम्ही सांगितले. बाबासाहेबांनाही थांबावे लागले होते. १९१३ साली बडोद्याची महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१६ साली लंडनला आले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. येताना चार वर्षांत परत येण्याची परवानगी मात्र विद्यापीठाकडून घेऊन आले. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात १९१८ ते १९२० प्राध्यापकी करून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठले. नवल भथेना या मित्राकडून त्यांनी पाच हजार उसने घेतले होते, हेही सांगायला हवे, नाहीतर कोणी आम्हालाच विचारेल की मग ताईंना कर्ज का नाकारता. कारण बोरमाळेवर दरमहा व्याज चढते आणि सहा आठवड्यांच्या कामातून एक पैसाही मिळकत व्हायची नाही. फेडणार कशातून?

सोळा महिने आहेत. महिना ३,००० बँकेत आर. डी. केली तर ४८,००० स्वतःचे उभे राहतात. शाळेने जेवणाची सोय पत्रात लिहून दिली तर २९,४०० कमी होतात. उरले ९३,५००. ते समाजाने द्यावेत असे आमचे मत आहे. पण कसे द्यावेत, ते जरा लांबण लावून सांगतो, कारण तिथे आमचे स्वतःचे हात पोळले आहेत.

काही वर्षांपूर्वी वस्तीतल्या एका मुलासाठी आम्ही अशीच वर्गणी काढली. खजिनदार आम्हीच. मुलगा परदेशी जाणार म्हणून मंडळाने निरोपाचा सत्कार ठेवला. बॅनर, मंडप, शाल, गाडी, जेवण. निम्मे पैसे त्यात गेले. पुढे व्हिसा नाकारला. धुणीभांडी करणाऱ्या एका आजींनी पन्नास रुपये दिले होते, त्या विचारायला आल्या, "बाबा, पोरगं गेलं नाही, मग पैशाचं काय झालं?" आमच्याकडे उत्तर नव्हते, कारण पावतीवर काही लिहिलेलेच नव्हते. त्या मुलाने तर पुढे वर्षभर विहाराकडे यायचे टाळले, जणू दोष त्याचाच.

म्हणून या वेळी पावतीवरच छापायचे : व्हिसा नाकारला तर झालेला खर्च वजा करून बाकी परत, किंवा देणाऱ्याच्या संमतीने मुलांच्या अभ्यासिकेला. पैसे मंडळाच्या बँक खात्यात, दोन सह्यांनी निघणारे. अडीअडचणीचे २२,००० वाचले तर परत. सत्कार करायचाच तर परतल्यावर, आणि त्याचा खर्च या वर्गणीतून नाही.

तिकडून कोणी पैसे पाठवतो म्हणाले तर मंडळाच्या खात्यात घेऊ नका. २०१० च्या परदेशी देणग्यांच्या कायद्याप्रमाणे नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या संस्थेला ते घेता येत नाहीत. आणि वाचकांत कोणी सरकारी नोकरीत असून असा बेत करत असेल, तर परदेशी यजमानाचा पाहुणचार घेण्याआधीही परवानगी लागते. वरिष्ठांचे तोंडी 'हो' त्याला पुरत नाही.

तिकडचे पाहुणे आपल्याकडे येतील ते जुलैत, ऐन पावसात. त्यांचीही वही आपणच मांडायची आहे. महिला मंडळाच्या भगिनींनी जेवणाचे वार वाटून घेण्याची तयारी दाखवली आहे. पण विहाराच्या मागचा संडास गळतो, तो आधी दुरुस्त करावा लागेल. परदेशी पाहुणा मुक्कामाला आला की चोवीस तासांत ऑनलाइन माहिती कळवावी लागते, ते काम आमच्या भाच्याने अंगावर घेतले आहे.

परवा ताई पुन्हा भेटल्या. बोरमाळेची ओळ खोडली आहे. शाळेला पत्र गेले आहे, उत्तराची वाट आहे. बँकेतल्या आर. डी.चा पहिला हप्ता भरला, आणि पासपोर्टच्या १,५०० रुपयांची पावती वहीत डिंकाने चिकटवली आहे.