लाल बसचा ड्रायव्हर कुणाचा?

बसमध्ये चढताना ड्रायव्हरचं लायसन्स कुणी बघत नाही. तुम्ही नाही, मी नाही. बस लाल आहे, पाटीवर नंबर आहे, अंगावर 'बेस्ट' लिहिलंय, एवढं आपल्याला पुरतं. बाकीचं कुणीतरी बघितलंच असेल, हा आपला विश्वास. मुंबईचा सगळा दिवस या विश्वासावर चालतो.

९ डिसेंबर २०२४ च्या रात्री कुर्ल्याच्या एस. जी. बर्वे मार्गावर त्या विश्वासाला तडा गेला. ३३२ नंबरची इलेक्ट्रिक बस गर्दीत घुसली. ९ माणसं गेली, चाळीसहून जास्त जखमी झाली. दोष कुणाचा ते न्यायालय ठरवील, त्यावर मी बोलणार नाही. पण त्यानंतर जे बातम्यांमधून आलं ते विसरता येत नाही. बस भाडेतत्त्वावरची होती, ड्रायव्हर कंत्राटदाराचा होता, आणि बारा मीटरच्या इलेक्ट्रिक बसचं त्याचं प्रशिक्षण जेमतेम काही दिवसांचं होतं.

इलेक्ट्रिक बस म्हणजे डिझेलचीच बस, फक्त धूर नाही, असं आपल्याला वाटतं. तसं नाही हो! क्लच नाही, गिअर नाही. डिझेल गाडी हळूहळू जोर धरते, हिची मोटर पाय दाबल्याबरोबर पूर्ण जोर देते. इंजिनाचा आवाज नाही, म्हणजे वेगाचा कानाला अंदाज नाही. पाय उचलला की गाडी आपणहून ओढून धरते, कारण तेव्हा बॅटरीत वीज परत जात असते. वीस वर्षं क्लच दाबलेल्या डाव्या पायाला आता काही कामच नाही! हाताला, पायाला, कानाला लागलेली सवय मोडून दुसरी लावायची, तर त्याला दिवस लागतात. आणि रिकामं मैदान लागतं, भर बाजारातला रस्ता नव्हे.

गोरेगाव पूर्वेला दिंडोशीला बेस्टचं चालक प्रशिक्षण केंद्र आहे. म्हणजे शिकवायची परंपरा आहे, जाणकार माणसं आहेत. माझं म्हणणं एवढंच की हे केंद्र आता मोठं करायला हवं. आणि मोठं म्हणजे नुसती इमारत नको, दरवाजा मोठा हवा.

कारण आज रस्त्यावरच्या बहुतेक लाल बस बेस्टच्या मालकीच्या नाहीत. गाडी कंत्राटदाराची, ड्रायव्हर त्याचा, दुरुस्ती त्याची. बेस्टने किलोमीटरप्रमाणे पैसे द्यायचे. आता हिशोब करा. किलोमीटरवर पैसे मिळतात तर ड्रायव्हर जितका लवकर रस्त्यावर येईल तितका फायदा. शिकण्यात गेलेला प्रत्येक दिवस तोट्याचा. कंत्राटदार वाईट माणूस असायची गरजच नाही, हिशोबच तसा मांडलाय. मग ड्रायव्हर तयार झाला की नाही, हे ठरवायचं काम त्याच्यावर सोडून कसं चालेल?

यावर एक उत्तर ठरलेलं असतं, 'ते आमचे कर्मचारीच नाहीत.' पगाराच्या बाबतीत हे उत्तर आपण ऐकलंय. ऑगस्ट २०२३ मध्ये याच कंत्राटी चालकांनी संप केला आणि बस आगारात उभ्या राहिल्या, तेव्हा थांब्यावर ताटकळलेल्या प्रवाशाला मस्टरवर कुणाचं नाव आहे याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. पगाराचा वाद वेगळा, तो मोठा आहे. पण ज्याच्या हातात शहराचं स्टिअरिंग दिलं, त्याला शिकवताना तरी 'आमचा' आणि 'त्यांचा' असा भेद नको. महापालिकेचा कचरा उचलणाऱ्या कॉम्पॅक्टरच्या ड्रायव्हरलाही हेच लागू. अरुंद गल्लीत, पोरं खेळत असताना ते अवजड धूड मागे घेणं काय सोपं काम आहे?

खर्चाचं म्हणाल तर तो करारातच घाला. शिकण्याचे दिवस भरपगारी धरा आणि त्यांचे पैसे दरात दाखवा. म्हणजे कुणाला पळवाट नको. प्रत्येक प्रकारच्या गाडीसाठी वेगळी परीक्षा, आणि 'हा अजून तयार नाही' म्हणायचा अधिकार केंद्रातल्या परीक्षकाला. त्याच्या सहीशिवाय गाडी आगाराबाहेर नाही. भाडं थोडं वाढेल? वाढू दे. बेस्ट आधीच तोट्यात आहे हे खरं, पण तोटा भरून काढायची ही जागा नव्हे.

आणखी एक. डेपोंच्या जमिनींतून पैसा उभा करायचे बेत गेली काही वर्षं चालू आहेत. मुंबईत मोकळी जागा दिसली की कुणाच्या तरी डोळ्यांपुढे टॉवर उभा राहतोच! पण बस वळवायला, मागे घ्यायला, ब्रेक मारून बघायला जागा लागते, ती एकदा गेली की परत मिळत नाही. तेवढा तुकडा तरी राखून ठेवा.

नवी गाडी येते तेव्हा फीत कापतात, फोटो निघतात. ड्रायव्हर शिकून तयार होतो तेव्हा फोटो निघत नाही. पण आपण घरी पोचतो ते त्याच्यामुळे. तुम्हाला काय वाटतं?