रामटेक ते न्यूयॉर्क : अंतर आणि अवधी

कालिदासाच्या ‘मेघदूता’तील रामगिरी म्हणजे आपले रामटेकच, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादिले आहे. तेथून अलकानगरीस निघालेल्या मेघाला यक्ष उज्जयिनीवरून जाण्याची विनंती करतो. वाट थोडी वाकडी पडली तरी चालेल, असे त्याचे म्हणणे. आज आपल्या अनेक घरांतील मुले-मुली शिक्षण-व्यवसायानिमित्त परदेशी आहेत. त्यांच्या घरी येण्याच्या वाटेचा हिशेब मात्र आपण क्वचितच मांडतो.

नागपूर व न्यूयॉर्क या विमानतळांतील सर्वांत जवळचे अंतर सुमारे १२,६०० किलोमीटर आहे. भिंतीवरील नकाशात न्यूयॉर्क पश्चिमेस दिसते. परंतु पृथ्वी गोल असल्याने जवळची वाट उत्तरेकडे वळून ध्रुववृत्तापलीकडून जाते. पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहिल्यास हे सहज पटते. दिल्ली जवळजवळ याच दोऱ्यावर येते. मुंबईमार्गे गेल्यास सुमारे ६०० किलोमीटर वाढतात.

ताशी ९०० किलोमीटर वेग धरला, तर कागदावर १४ तास होतात. प्रत्यक्षात उंचावरील पश्चिमेचे वारे येताना साहाय्य करतात, जाताना अडवतात. शिवाय हवाई हद्दींचा प्रश्न असतोच. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हद्द बंद केली, तेव्हा त्यांना वळसा घ्यावा लागून प्रवासाचे तास वाढले.

आता घरापर्यंतचा हिशेब पाहू. उड्डाणापूर्वी विमानतळावर ३ तास, दिल्लीपर्यंत सुमारे १४ तास, तेथे पासपोर्ट तपासणी व विमान बदलणे यांसाठी ४ तास, नागपूरपर्यंत पावणेदोन तास आणि रामटेकपर्यंत मोटारीने दीड तास. सर्व जुळून आले, तरी एक पूर्ण अहोरात्र जाते. हिवाळ्यात न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्या साडेदहा तास मागे असते. म्हणून तेथील विमानतळावर सोमवारी दुपारी १२ वाजता पोहोचलेला मुलगा रामटेकच्या घरी मंगळवारी रात्री पावणेअकराच्या सुमारास येईल. तिकीट त्वरित न मिळाल्यास आणखी एक दिवस जाऊ शकतो.

लग्नकार्यात या एका दिवसाने फारसे बिघडत नाही. घरात कोणी अत्यवस्थ झाले, म्हणजे त्याचे मोल कळते. अंत्यदर्शनासाठी थांबावे की नाही, हा प्रश्न त्या क्षणी, दुःखाच्या भरात आणि नातलगांच्या गर्दीत सोडवू नये. ज्येष्ठांनी आपली इच्छा आधीच स्पष्ट सांगून ठेवावी. मुलांनी पासपोर्ट व व्हिसाच्या मुदती वेळोवेळी तपासाव्यात. प्रकृती ढासळू लागताच ‘उगाच काळजी नको’ म्हणून बातमी दडवू नये, कारण फोन उशिरा गेला तर ते तास विमान भरून काढू शकत नाही. आणि एवढे करूनही मूल वेळेवर पोहोचले नाही, तर त्याला बोल लावण्यापूर्वी वरील बेरीज एकदा स्वतः करून पाहावी.