बटणाचा पत्ता कोणी जपायचा?

१ नोव्हेंबर २०१४ रोजी कर्नाटकातल्या १२ शहरांची नावं सरकार दरबारी बदलली. हुबळीचं हुब्बळ्ळी झालं, बेळगावचं बेळगावी. २०२० मध्ये हुबळीच्या रेल्वे स्टेशनला श्री सिद्धारूढ स्वामीजींचं नाव मिळालं. १२ मार्च २०२३ ला तिथल्या १,५०७ मीटर लांबीच्या, जगातल्या सर्वांत लांब प्लॅटफॉर्मचं उद्घाटन झालं. एवढ्या घडामोडींत स्टेशनचा कोड मात्र जागचा हलला नाही. तिकिटावर तेव्हा ‘यूबीएल’ होतं, आजही तेच आहे. आरक्षणाची यंत्रणा त्या तीन अक्षरांवर चालते; पाटी बदलली तरी इथे कोडला कोणी हात लावला नाही. वेबसाइटची चाचणी यंत्राकडून करून घेणाऱ्या मंडळींचं रोजचं दुखणं नेमकं इथलंच आहे: पान बदललं की बटणाचा पत्ता तुटतो.

ही चाचणी म्हणजे एक प्रोग्रॅम: पान उघडायचं, बटण शोधायचं, दाबायचं, पुढे काय झालं ते तपासायचं. २००४ मध्ये शिकागोत, थॉटवर्क्समध्ये असताना जेसन हगिन्स यांनी ब्राउझर आपोआप चालवणारं सेलेनियम सुरू केलं. २०१८ मध्ये वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने ब्राउझरला आज्ञा देण्याच्या वेबड्रायव्हर या पद्धतीला प्रमाण म्हणून मान्यताही दिली. दाबण्याचा प्रश्न केव्हाच सुटला, शोधण्याचा नाही. ब्राउझरमध्ये बटणावर राइट क्लिक करून त्याचा एक्सपाथ, म्हणजे पानाच्या रचनेतला पत्ता, उचलणं सर्वांत सोपं, आणि म्हणूनच सर्वाधिक घातक. तो पत्ता बहुधा असा असतो: तिसऱ्या डिव्हमधल्या, म्हणजे पानाच्या कप्प्यातल्या, दुसऱ्या डिव्हमधल्या फॉर्ममधलं पहिलं बटण. कोणी तिकिटांच्या पानाच्या माथ्यावर दसऱ्याच्या सुटीची पट्टी टाकली की तिसरा डिव्ह चौथा होतो. लोक बिनघोर तिकिटं काढत असतात आणि रात्रीची चाचणी लाल होते. बटणाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएस क्लासचा आधारही कच्चाच, कारण आजची अनेक साधनं ती नावं स्वतःच तयार करतात आणि नव्या बिल्डमध्ये ती बदलू शकतात. खरं नुकसान एका चाचणीचं नसतं. खोटा लाल दिवा चारदा लागला की पाचव्यांदा त्याच्याकडे कोणी पाहत नाही, आणि त्या पाचव्या वेळी दोष खरा असू शकतो.

यावर जाणकारांचं उत्तर असं, की बटण वापरणाऱ्याला जसं दिसतं तसंच ते शोधा: भूमिका ‘बटण’, नाव ‘पैसे भरा’. टेस्टिंग लायब्ररी हे चाचणीचं साधन हाच क्रम सांगतं आणि चाचणीसाठी दिलेल्या आयडीला शेवटची जागा देतं. मायक्रोसॉफ्टच्या प्लेराइट या साधनाचाही कल तोच. यामागचं कारण भक्कम आहे. डेव्हलपरने साध्या डिव्हला रंग फासून त्याचं बटण केलं असेल, तर स्क्रीन रीडर वापरणाऱ्या अंध माणसाला ते बटण म्हणून कळत नाही. भूमिकेवरून शोधणारी चाचणी तिथेच अडते, आणि अडायलाच हवी.

पण ही शिफारस एकभाषी पानाला शोभते. धारवाडच्या माणसाला तेच पान कन्नडमध्ये हवं, शेजाऱ्याला इंग्रजीत, तिसऱ्याला मराठीत. म्हणजे एका बटणाची तीन नावं. मराठीत तर एकच नाव दोन तऱ्हांनी साठवलेलं असू शकतं. ‘दुसऱ्या प्रवाशाची नोंद’ या बटणातला अर्धा र कोणी ऱ हे अक्षर वापरून टाइप करतो, तर कोणी साध्या र ला हलंत आणि न दिसणारा जोडक जोडून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण अक्षराला अक्षर ताडून पाहणाऱ्या यंत्राला ते दोन वेगळे शब्द. अनुवादकाने कीबोर्ड बदलला, एवढ्यावरून चाचणी कोसळावी हे काही पटत नाही.

म्हणून बहुभाषी पानावर महत्त्वाच्या प्रत्येक बटणाला भाषेशी संबंध नसलेला स्वतःचा कोड हवा, असं माझं मत आहे. एक आक्षेप येतो की यामुळे चाचणीसाठीचा कचरा खऱ्या पानात शिरतो. त्याचं वजन काही अक्षरांपलीकडे नाही, आणि नकोच असेल तर प्रकाशनाआधी तो काढून टाकता येतो. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: बटणावरचं नाव पुसलं गेलं तरी कोडवर चालणारी चाचणी हिरवीच राहील. राहील. त्यासाठी प्रत्येक भाषेत भूमिका आणि नाव तपासणाऱ्या मोजक्या चाचण्या वेगळ्या ठेवाव्यात; शेकडो चाचण्यांवर तो भार टाकू नये. तिसरा आक्षेप नव्या दमाचा: पत्ता हरवला तर एआय शोधून देईल. देईलही, पण ‘पैसे भरा’ गायब झाल्यावर त्याने शेजारचं ‘पुढे जा’ धरलं आणि चाचणी हिरवी झाली, तर तो दोष तपासणाऱ्यांच्या नजरेतून सुटून थेट गिऱ्हाइकापर्यंत पोचतो. अशा दुरुस्तीची सूचना जरूर घ्यावी, पण माणसाने पाहिल्याशिवाय ती लागू करू नये.

राहतो प्रश्न हा कोड जपायचा कोणी. आज पत्ता तुटला की टेस्टरला बोल लावला जातो, वास्तविक पान त्याच्या हातात नसतं. पान बांधणाऱ्यानेच हमी द्यायला हवी. सगळे कोड एका फाइलीत ठेवले, तर त्या फाइलीतला बदल टेस्टरच्या संमतीशिवाय पुढे जाणार नाही अशी व्यवस्था गिटहबवर ‘कोडओनर्स’ या फाइलीने लावता येते: तिच्यात एक ओळ घालायची आणि मुख्य शाखेला ती संमती सक्तीची करायची.