वाळूवरची चाकोरी

सुटीचे दिवस आले की कोकणच्या किनाऱ्यांवर चारचाकी गाड्यांचे ताफे उतरतात. वाळूत गाडी भरधाव फिरविणे हा पर्यटनाचाच एक प्रकार होऊन बसला आहे. भरतीच्या पाण्यात गाडी रुतली तर तिची बातमी होते; वाळूखाली जे चिरडले जाते, त्याची होत नाही.

याच किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या येतात. सुमारे दीड फूट खोल खड्ड्यात शंभरएक अंडी घालून त्या समुद्रात परततात. पिल्ले बाहेर पडण्यास ४५ ते ६० दिवस लागतात. या काळात वरून चाके फिरली की वाळू दबते, अंडी फुटतात. वाचलेली इवली पिल्ले समुद्राकडे जाताना चाकोरीत अडकून पडतात. वाळू धरून ठेवणारी मर्यादवेलही तुटते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या कासवांना सर्वोच्च संरक्षण दिले आहे. परंतु केवळ कायद्याने किनारा राखला जात नाही. वेळासमध्ये २००२ पासून चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने ग्रामस्थांच्या साथीने घरटी जपली. आज पर्यटक तेथे पिल्ले पाहण्यासाठी येतात, गावात राहतात, जेवतात. म्हणजे पर्यटन आणि निसर्ग यांत मुळात वैर नाही.

किनाऱ्यावर उतरणाऱ्या वाटांवर खांब रोवून वाहने रोखणे ग्रामपंचायतींना अवघड नाही. जे सर्वांचे आहे ते बेवारस नसते, एवढे भान मात्र गाडी चालविणाऱ्याने स्वतःच बाळगावयास हवे.