हप्त्याइतकीच गंगाजळीही हवी

बुऱ्हाणपुरात यंत्रमाग थांबला की मजुरी थांबते, हप्ता मात्र थांबत नाही. त्यातच घरात आजारपण आले, की जुने कर्ज फेडायला नवे काढावे लागते. म्हणून शहराच्या शनवारा भागातल्या कर्जदार कुटुंबांनी नियमित हप्ते भरतानाच महिन्याच्या खर्चाइतकी गंगाजळी आधी उभारावी. जादा परतफेड त्यानंतर. यावर आक्षेप असा, की कर्जाला २४ टक्के व्याज आणि बचतीवर ३ टक्के, मग पैसा अडकवायचा कशाला? दहा हजारांवर हा तोटा वर्षाला २१०० रुपयांचा, हे खरे. पण अडीनडीला तेवढीच रक्कम सावकाराकडून दरमहा ५ टक्क्यांनी उचलली, तर वर्षाचे व्याज ६००० होते.

मात्र सगळा भार कुटुंबांवरच टाकणे अन्यायाचे ठरेल. वार्षिक ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराचे सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापुढे जाऊ नयेत, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम सूक्ष्मकर्ज देणाऱ्यांना बंधनकारक आहे. तो त्यांनी काटेकोरपणे पाळावा आणि आजारपणासाठी नवे कर्ज काढावे लागू नये म्हणून प्रशासनाने प्रत्येक पात्र घरापर्यंत मोफत उपचारांचे आयुष्मान कार्ड पोहोचवावे.