हेक्टरी ऐकायचे, एकरी मोजायचे

अतिवृष्टीनंतर सरकारी मदतीचा आकडा जाहीर होतो तो हेक्टरी. केंद्राच्या २०२२ च्या निकषांत जिरायत पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकाला २२,५०० रुपये ठरले. शेतकरी मात्र मजुरी एकरी ठरवतो, उतारा एकरी सांगतो, कर्जाचा हिशेबही एकरीच मांडतो. त्याच्या मापात साडेआठ हजारांचे जेमतेम ३,४४० होतात. हे त्याला खात्यावर पैसे जमा झाल्यावर उमगते. मग उरलेले मध्येच कुणी खाल्ले का, ही शंका गावभर फिरते. मदत पुरेशी आहे की नाही हा वाद स्वतंत्र आहे. पण ज्याच्यासाठी ती जाहीर होते, त्याला ती किती आहे हे ऐकताक्षणी कळलेच पाहिजे.

वजनमापांचा कायदा १९५६ साली झाला आणि १९५८ पासून मेट्रिक मापे टप्प्याटप्प्याने लागू झाली. किलो आणि लिटर पुढच्या पिढीत घरोघरी रुळले. शेर आणि मण म्हाताऱ्यांच्या आठवणींत गेले. बाजार समितीत क्विंटलशिवाय आज कुणी बोलत नाही. दुकानातली वजने बदलली आणि रोजच्या व्यवहाराने माणसे शिकली. जमिनीचे तसे होत नाही. तिचा व्यवहार आयुष्यात एखादेवेळी होतो आणि बांध जिथल्या तिथे राहतो. म्हणून कागद हेक्टरचा झाला, तरी जीभ एकराचीच राहिली. यात शेतकऱ्याचा दोष काढणाऱ्यांशी मी सहमत नाही.

खरा घोटाळा आर आणि गुंठा यांचा आहे. आर म्हणजे १०० चौरस मीटर, अर्थात सुमारे १,०७६.४ चौरस फूट. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १,०८९ चौरस फूट. आपल्याकडची जुनी मोजणीची साखळी ३३ फुटांची आणि १६ आण्यांची होती. एक चौरस साखळी म्हणजे एक गुंठा, आणि असे ४० गुंठे म्हणजे बरोबर एक एकर. म्हणजे गुंठा अस्सल गावचा वाटला, तरी त्याचे मोजमाप इंग्रजी फुटावरच बेतलेले आहे. आर आणि गुंठा यांत साडेबारा चौरस फुटांचा फरक आहे. तो लहान दिसतो, म्हणूनच सगळीकडे ‘आर म्हणजेच गुंठा’ असे सर्रास धरले जाते. एकराला हा फरक पाचशे चौरस फुटांवर जातो. एक पुरा एकर सातबाऱ्यावर ०.४०.४७ असा लिहिला पाहिजे: शून्य हेक्टर, ४० आर, ४७ चौरस मीटर. प्रत्यक्षात ४० आर लिहून एकर झाला असे सांगितले जाते आणि जवळजवळ अर्धा गुंठा कागदावरून नाहीसा होतो.

हा अर्धा गुंठा कुणाचा जातो? इसार पावतीवर एक एकर आणि खरेदीखतात ४० आर असेल, तर घेणाऱ्याचा. खरेदीखतात ४० आर लिहून शेतात ३३ फुटांच्या हिशेबाने एकर मोजून कुंपण घातले, तर विकणाऱ्याचा. टेप ज्याच्या हातात आणि दस्त ज्याच्या ओळखीच्या दस्तलेखकाने लिहिलेला, त्याच्याकडे जमीन सरकते. शहराच्या वेशीवर, जिथे भाव चौरस फुटाला दोन हजार आहे, तिथे पाचशे चौरस फूट म्हणजे दहा लाख रुपये. भावाभावांच्या वाटणीत पैशांपेक्षा बांध महत्त्वाचा ठरतो, आणि त्या अर्ध्या गुंठ्यावरून दोन घरे वर्षानुवर्षे एकमेकांशी बोलत नाहीत.

जुने उतारे वाचताना आणखी एक फसगत होते. पूर्वी १-२० असे लिहिले की एक एकर वीस गुंठे समजायचे. आजच्या सातबाऱ्यावरचे १.२०.०० म्हणजे एक हेक्टर वीस आर, तीन एकरांना फक्त सुमारे दीड गुंठा कमी. आजोबांच्या वेळचा कागद आणि नातवाच्या हातातला कागद शेजारी ठेवले, की एक तर जमीन दुप्पट झाल्याचा आनंद होतो, नाही तर अर्धी गेल्याची धास्ती बसते. समजावून सांगायला समोर कुणी असेलच असे नाही.

फवारणीत हीच गल्लत अंगावर येते. औषधाच्या माहितीपत्रकावर मात्रा हेक्टरी छापलेली असते. हेक्टरी ५०० मिलिलिटर म्हणजे एकरी २००. पण ५०० चा आकडा एकरासाठीच धरला, तर पिकावर अडीचपट औषध पडते आणि खर्चही अडीचपट होतो. कृषी विद्यापीठांच्या खतांच्या शिफारशी हेक्टरीच असतात. सोयाबीनचे बियाणे हेक्टरी ७५ किलो, म्हणजे एकरी ३०, हे चांगल्या कृषी सेवा केंद्रातला माणूस तोंडपाठ सांगतो. सगळ्याच गोष्टींसाठी असा माणूस भेटत नाही.

शहरातही वेगळे काही नाही. घराच्या करारात चटईक्षेत्र चौरस मीटरमध्ये आणि बोलणी चौरस फुटात. वैध मापनशास्त्र अधिनियम २००९ च्या कलम ११ प्रमाणे प्रमाण मापांखेरीज दुसऱ्या मापात भाव सांगणे किंवा जाहिरात करणे मना आहे. तरी ‘दर चौरस फूट’ हे शब्द सगळीकडे दिसतात.

मेट्रिक माप जमिनीला मानवत नाही असे मात्र नाही. बांद्याची हद्द ओलांडून गोव्यात गेले, की जमिनीचा भाव चौरस मीटरला सांगतात आणि ऐकणाऱ्याला तो लगेच कळतो. पोर्तुगिजांच्या काळापासून तिथे मीटर आहे, म्हणून तो जिभेवर आहे. आपल्याकडे इंग्रजांचा फूट आणि एकर आधी रुजला. सवय बदलायला दोन पिढ्या लागत असतील तर लागू द्याव्यात, पण तोवर सामान्य माणसाने नुकसान का सोसायचे?

मदतीची घोषणा हेक्टरी करताना शेजारी एकरी आकडाही सांगावा. औषधाच्या बाटलीवर एकरी मात्रा ठळक छापावी. दुय्यम निबंधकाने दस्तात चौरस मीटरपर्यंतचे पूर्ण क्षेत्र लिहिलेले असल्याशिवाय नोंदणी करू नये आणि ‘आर म्हणजे गुंठा’ हे समीकरण कोणत्याही सरकारी टेबलावर चालू देऊ नये. भूकरमापकाने मोजणी संपल्यावर दोन्ही खातेदारांना क्षेत्र दोन्ही मापांत वाचून दाखवावे. सातबारा आता संगणकावरच निघतो. त्यावर एकर-गुंठ्यांची एक ओळ वाढवायला नवा कायदा लागत नाही, चौरस मीटरला १०१.१७ ने भागायचे आहे.